आयुक्तालय आले, तपासाचे काय?

मार्च २०२१ मध्ये वाराणसीत पोलीस आयुक्तालय आले. प्रतिबंधात्मक कारवाईचे जे अधिकार जिल्हाधिकाऱ्यांकडे होते, ते पोलिसांकडे गेले. मुंबईकरांना याचे नवल नाही. तेथे ही व्यवस्था एकोणिसाव्या शतकापासून आहे.

मी या बदलाचा विरोधक नाही. २००६ मध्ये संकटमोचन मंदिरातील आणि २०१० मध्ये शीतला घाटावरील स्फोट सोसलेल्या, विश्वनाथ धामाच्या विस्तारानंतर गर्दीने ओसंडणाऱ्या शहराला तत्पर निर्णय हवेतच. परंतु अटक करणारा आणि जामीनपत्र मागणारा हात एकच झाला, तर त्यावर अंकुश कोणाचा? आणि सतत बंदोबस्ताला जुंपलेला उपनिरीक्षक गोदौलियातील चोरीचा तपास कधी करणार?

उत्तर जुनेच आहे. प्रकाश सिंह खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २२ सप्टेंबर २००६ रोजी तपास आणि कायदा-सुव्यवस्था यांची यंत्रणा वेगळी करण्यास सांगितले. आरंभ दहा लाखांवरील वस्तीच्या शहरांपासून व्हावा, असेही सुचवले. पोलिसांविरुद्धच्या गाऱ्हाण्यांसाठी स्वतंत्र प्राधिकरणेही नेमण्यास सांगितले. काशी त्या शहरांत मोडते. अधिकार देणे सरकारला सोपे जाते. गुन्हेगाराला मात्र धाक वाटतो तो तपास तडीस जाण्याचा. माझ्या मते आयुक्तालयाचे मोजमाप त्यावरच व्हावे.