वाचून शिकायची ऑपरेटिंग सिस्टिम

‘फोर्क’शी पहिली गाठ पडते तेव्हा बहुतेक विद्यार्थी अडखळतात. तोवर शिकलेले प्रत्येक फंक्शन एकदा बोलावले की एकदाच परतत असे. फोर्कला हाक एकदा मारायची आणि ओ मात्र दोनदा येते. त्या हाकेसरशी चालू प्रोग्रामची हुबेहूब प्रत तयार होते. मूळ प्रोग्रामला, म्हणजे पालकाला, बाळाचा क्रमांक मिळतो आणि बाळाला शून्य. कोण पालक आणि कोण बाळ, हे त्यावरून ओळखायचे. लिनक्सच्या काळ्या पडद्यावर ‘एलएस’ टाइप केले की हेच घडते. शेल, म्हणजे आज्ञा स्वीकारणारा प्रोग्राम, आपली प्रत काढते, ती प्रत ‘एलएस’चे रूप घेते, फायलींची यादी दाखवून संपते आणि पालक शेल तोवर वाट पाहत थांबते.

संगणक अभियांत्रिकीतला ‘ऑपरेटिंग सिस्टिम्स’ हा विषय इथे जिवंत होतो. पडद्यावरची चित्रे आणि खिडक्या हा झाला दर्शनी भाग. खरे काम आतला गाभा करतो, त्याला कर्नल म्हणतात. प्रोसेसर मोजके आणि प्रोग्राम शेकडो, तरी गाणे वाजत असते आणि टायपिंगही चालू असते. टायमरचा ठोका पडला की हार्डवेअर चालू प्रोग्रामला थांबवून ताबा कर्नलकडे देते. कर्नल त्या प्रोग्रामची अवस्था नीट जपून ठेवतो आणि दुसऱ्याला कामाला बसवतो. मेमरीचीही अशीच वाटणी. प्रत्येक प्रोग्राम आपल्याच पत्त्यांच्या जगात राहतो. ते पत्ते आभासी असतात आणि खरी जागा पेज टेबल दाखवते. म्हणूनच एक ॲप कोसळले तरी शेजारचे शाबूत राहते.

हे सारे पाठ्यपुस्तकात असतेच. पण कर्नल समजतो तो त्याचा कोड वाचून, आणि हे ज्याने वर्गात करून दाखवले तो शिक्षक ऑस्ट्रेलियातला. सिडनीच्या न्यू साऊथ वेल्स विद्यापीठातील जॉन लायन्स यांनी 1976 मध्ये युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या सहाव्या आवृत्तीचा कर्नल विद्यार्थ्यांपुढे ठेवला. सुमारे नऊ हजार ओळी, म्हणजे एका सत्रात वाचून होण्याजोग्या. सोबत त्यांनी त्यावर सविस्तर टीका लिहिली, जुन्या पोथ्यांवर पंडित लिहीत तशी. पुढे 1979 मध्ये सातवी आवृत्ती आली, तेव्हा युनिक्सचा कोड वर्गात शिकवायला परवान्याने मनाई केली. लायन्स यांची पुस्तके मग झेरॉक्सच्या झेरॉक्सवरून जगभर फिरली. ती रीतसर बाजारात यायला 1996 उजाडले.

कोड वाचता येत नाही तर तो नव्याने लिहायचा, असे ॲमस्टरडॅमच्या अँड्र्यू टॅनेनबॉम यांनी ठरवले. 1987 मध्ये त्यांनी शिकवण्यासाठी मिनिक्स आणले. हेलसिंकी विद्यापीठातला लिनस टोरवाल्ड्स हा विद्यार्थी तेच वापरत होता, आणि 1991 मध्ये त्याने स्वतःचा कर्नल जाहीर केला. तोच लिनक्स. आज त्याच्या ओळी कोटींच्या घरात आहेत. नवख्याने त्यात शिरणे म्हणजे पोहता येत नसताना समुद्रात उतरणे.

म्हणून 2006 मध्ये एमआयटीत ‘एक्सव्ही6’ घडवला गेला. लायन्स यांनी शिकवलेल्या त्याच सहाव्या आवृत्तीच्या धर्तीवर, पण आधुनिक सी भाषेत आणि आजच्या प्रोसेसरसाठी. कर्नल दहा हजार ओळींच्या आत. आयआयटी मुंबईच्या प्राध्यापक मैथिली वुटुकुरु यांच्या ऑपरेटिंग सिस्टिम्सच्या व्याख्यानांतही हाच कर्नल उलगडला जातो, आणि ती व्याख्याने कुणालाही मोफत पाहता येतात. गावातल्या महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलीसाठी ही फार मोठी गोष्ट आहे.

कारण अनेक ठिकाणी हा विषय अजून गणितांपुरताच उरतो. चार प्रोसेस, त्यांच्या आगमनाच्या वेळा, एक गँट चार्ट, सरासरी प्रतीक्षाकाळ, मार्क मिळतात. पाळी कुणाची हे ठरवणारा शेड्युलर मात्र विद्यार्थ्याने डोळ्यांनी पाहिलेला नसतो. एक्सव्ही6 मध्ये तो एक छोटासा लूप आहे: प्रोसेसच्या तक्त्यावरून फिरायचे, तयार असेल त्याला पाळी द्यायची. तो पाहिल्यावर गँट चार्टलाही अर्थ येतो.

सर्वांत कठीण प्रकरण कुलुपांचे. एकाच खात्यातल्या हजार रुपयांवर दोन प्रोग्राम एका क्षणी हात घालतात. दोघेही ‘हजार’ वाचतात, दोघेही शंभर मिळवतात, दोघेही ‘अकराशे’ लिहितात. शंभर रुपये गायब. यावर डच शास्त्रज्ञ एड्सखर डाइक्स्त्रा यांनी साठच्या दशकात उपाय दिला. त्याचे नाव सेमाफोर, आणि हा शब्द रेल्वेच्या सिग्नलवरून घेतलेला आहे. एकेरी रुळावर टोकन हाती आल्याशिवाय गाडी पुढे न्यायची नाही, हा आपल्याकडच्या रेल्वेचा जुना शिरस्ता, कल्पना तीच.

पण टोकन चुकीच्या हाती अडकले तर? 1997 च्या जुलैत मंगळावर उतरलेले नासाचे पाथफाइंडर काही दिवसांतच आपोआप पुन्हापुन्हा रीसेट होऊ लागले. हवामानाची नोंद करणाऱ्या कमी महत्त्वाच्या कामाकडे कुलूप होते. एक फार महत्त्वाचे काम त्या कुलपाची वाट पाहत होते, आणि मधल्या दर्जाची कामे हवामानाच्या कामाला पाळीच मिळू देत नव्हती. अभियंत्यांनी पृथ्वीवरच्या प्रतिकृतीवर तोच बिघाड घडवून पाहिला आणि मंगळाकडे दुरुस्ती पाठवली: कुलूप ज्याच्या हाती, त्याला वाट पाहणाऱ्याचा अग्रक्रम तेवढ्यापुरता उसना द्यायचा. ही युक्ती आज पदवीच्या वर्गात शिकवली जाते.

प्रयोगशाळेतले पहिले काम याहून पुष्कळ साधे असते: कर्नलमध्ये स्वतःचा एक सिस्टिम कॉल, म्हणजे फोर्कसारखी कर्नलला मारायची हाक, घालायचा. त्याला क्रमांक द्यायचा, तक्त्यात नोंदवायचा, कर्नलमधले फंक्शन लिहायचे आणि ते वापरणारा चिमुकला प्रोग्राम जोडायचा. एक नोंद राहून गेली तर सारे अडते. संध्याकाळी उशिरा कधीतरी पडद्यावर डॉलरचे चिन्ह लुकलुकते, विद्यार्थिनी आपल्या प्रोग्रामचे नाव टाइप करते आणि कर्नलमधल्या तिने लिहिलेल्या फंक्शनमधून एक आकडा परत येतो.