खतन्याच्या आधी बाळ डॉक्टरांना दाखवा

सातव्या दिवशी अकीका, नाव ठरलेले, बकरे एक की दोन हेही ठरलेले. अशा घाईत बाळाची लघवीची जागा वेगळी दिसली, तर ‘मोठेपणी होईल ठीक’ म्हणत घरातले दुपटे गुंडाळतात. आम्हांला वाटते, नाव थांबू शकते, तपासणी थांबू शकत नाही.

काही मुलांचे लघवीचे छिद्र टोकाऐवजी खालच्या बाजूला असते, पुढची कातडी अपुरी असते. ‘जन्मतःच खतना झालेला’ म्हणून अशा बाळाचे कौतुकही होते! डॉक्टर याला हायपोस्पेडियास म्हणतात. अशा मुलाचा खतना करू नये. सहा ते अठरा महिन्यांच्या वयात छिद्र जागेवर आणण्याची शस्त्रक्रिया होते, तिला तीच कातडी लागू शकते.

छिद्र खाली आणि दोन्ही गोळ्याही हाताला लागत नसतील, तर मुलगाच आहे असे धरून चालू नये. ती मुलगीही असू शकते. मूत्रपिंडावरच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथीत जन्मजात दोष असला, की मुलीच्या शरीरात पुरुषी संप्रेरक वाढते आणि अवयव मुलासारखे दिसतात. या आजाराच्या गंभीर प्रकारात शरीरातले मीठ लघवीवाटे निघून जाते. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत बाळ ओकते, सुस्त होते, वजन घटते. उपचार न मिळाल्यास दगावते. मुलग्यात हाच आजार असला तर बाहेरून सहसा कळतही नाही. रक्तातले सोडियम, पोटॅशियम व १७-ओएचपी, गुणसूत्रांची तपासणी आणि सोनोग्राफी यांतून निदान होते. औषध आयुष्यभर, पण मूल जगते, शिकते. आई-वडील दोघांतही हा दोष सुप्त असेल, तर प्रत्येक गरोदरपणात चारात एक शक्यता असते. नात्यातल्या लग्नांत असा योग अधिक जुळतो. हे आपण ऐकायलाच हवे.

आमच्या आष्टीहून गोदावरीपलीकडे माजलगाव तालुका. तिथल्या राजेगावचे ललित साळवे मुलगी म्हणून वाढले, बीड पोलिसांत महिला शिपाई झाले. शस्त्रक्रिया झाली ती २०१८ मध्ये, मुंबईच्या सेंट जॉर्ज रुग्णालयात, वयाच्या २९व्या वर्षी. त्याआधी रजेसाठी न्यायालयाचे दार ठोठवावे लागले.

लवकर तपासणी म्हणजे लवकर शस्त्रक्रिया नव्हे. तान्ह्या बाळाचे लिंग शस्त्रक्रियेने ठरवण्याविरुद्ध मद्रास उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये निकाल दिला. शरमेचेही कारण नाही. फिक्हच्या किताबांनी ‘खुन्सा’च्या वारशाचाही विचार केला आहे. घाटीसारख्या मोठ्या रुग्णालयात जाताना आधी दगावलेली बाळे आणि नवरा-बायकोचे मूळ नाते, दोन्ही डॉक्टरांना सांगावे.