नव्या संगणकावर विंडोज अडते तेव्हा

नव्या संगणकावर ऑपरेटिंग सिस्टीम बसवताना काम मध्येच अडले, की पहिली शंका यंत्रावर जाते. डिस्क खराब निघाली, बोर्ड सदोष आला, असे तर्क सुरू होतात. पुष्कळदा यंत्र धडधाकट असते. अडलेला असतो तो बसवण्याच्या कामाचा एखादा टप्पा. हे टप्पे सहा आहेत: इन्स्टॉलरची फाइल उतरवून घेणे, तिच्यापासून पेनड्राइव्ह तयार करणे, त्या पेनड्राइव्हवरून संगणक सुरू करणे, डिस्क निवडणे, फायली डिस्कवर चढवणे आणि रीस्टार्टनंतरची मांडणी पुरी करणे. प्रत्येक टप्प्याचे दोष वेगळे, उपायही वेगळे. म्हणून काय बिघडले हे विचारण्याआधी काम कुठे थांबले हे पाहावे लागते.

इंदापूर तालुक्यातल्या वालचंदनगरला ही रीत परकी नाही. वालचंद हिराचंद (१८८२–१९५३) यांनी कळंबच्या माळावर उभे केलेले हे गाव साखर कारखान्यांची यंत्रसामग्री आणि इस्रोच्या रॉकेटांचे मोटर केसिंग बनवण्यासाठी ओळखले जाते. नव्या कारखान्याच्या गव्हाणीत पहिली मोळी पडण्याआधी बॉयलर, टर्बाइन, मिल यांची एकेकाची चाचणी होते. कुठे अडले, तर अख्खा कारखाना खोलत नाहीत. जिथे थांबले तिथपासून मागे तपासत जातात. संगणकालाही हाच क्रम लागू पडतो.

दसरा-पाडव्याच्या मुहूर्तावर घरात येणारा संगणक दोन प्रकारचा असतो. एक तयार लॅपटॉप, त्यात विंडोज आधीच असते. दुसरा असेंबल केलेला पीसी किंवा 'डॉसवाला' लॅपटॉप, ज्यावर विंडोज स्वतः टाकावी लागते. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार संपल्यामुळे नव्या यंत्रावर आता विंडोज ११ किंवा लिनक्स हेच पर्याय उरतात.

फाइल आणि पेनड्राइव्ह

विंडोजची आयएसओ फाइल काही जीबींची असते. नेट तुटत-तुटत उतरलेली फाइल वरून पूर्ण दिसते, पण आत एखादा तुकडा बिघडलेला असू शकतो. तपासणीसाठी शा-२५६ नावाचा ठसा वापरतात. मूळ संकेतस्थळावर फाइलचा ६४ अक्षरांचा ठसा दिलेला असेल, तर उतरलेल्या फाइलचा ठसा काढून दोन्ही ताडून पाहावेत. एक अक्षर जरी वेगळे निघाले तरी फाइल टाकून देऊन पुन्हा उतरवावी. मित्राच्या पेनड्राइव्हवरून मिळालेली, 'सगळे आधीच ॲक्टिव्हेट केलेली' विंडोज वापरू नये. ती कोणी आणि कशी बदलली आहे हे कळायला मार्ग नसतो.

पेनड्राइव्ह किमान ८ जीबीचा हवा. त्यावरचा जुना मजकूर पुसला जातो, म्हणून फोटो-कागदपत्रे आधी काढून घ्यावीत. आयएसओ फाइल पेनड्राइव्हवर नुसती कॉपी करून टाकली, तर संगणक तिच्यावरून सुरू होत नाही. मायक्रोसॉफ्टचे मीडिया क्रिएशन टूल किंवा रुफस यांसारखे साधन लागते. हाताने फायली उतरवू पाहणाऱ्याला आणखी एक अडचण येते: फॅट३२ पद्धतीच्या पेनड्राइव्हवर ४ जीबीपेक्षा मोठी एकच फाइल बसत नाही, आणि विंडोजची मुख्य फाइल त्यापेक्षा मोठी असू शकते. ही साधने त्यातून आपोआप वाट काढतात.

संगणक पेनड्राइव्ह ओळखत नाही

संगणक चालू करताच बूट मेनूची कळ वारंवार दाबावी लागते. डेल आणि लेनोवोवर ती बहुधा एफ१२ असते, एचपीवर एफ९ किंवा एस्केप. मेनूत एकच पेनड्राइव्ह दोनदा दिसू शकतो: एकदा नुसत्या नावाने, एकदा नावापुढे यूईएफआय लिहून. यूईएफआय ही संगणक सुरू करण्याची नवी पद्धत, म्हणून नव्या संगणकासाठी तिचीच ओळ निवडायची. दुसरी ओळ जुन्या बायोस पद्धतीची असते. तिच्यावरून गेल्यास पुढे डिस्क निवडताना 'ही डिस्क जीपीटी पद्धतीची आहे, तिच्यावर विंडोज बसवता येत नाही' अशा अर्थाचा संदेश येतो. तो वाचून डिस्क बदलायची गरज नसते. मागे जाऊन बूट मेनूतली ओळ बदलली की पुरते. डिस्क विभागण्याच्या जुन्या एमबीआर पद्धतीला साधारण २ टीबीपर्यंतचीच डिस्क हाताळता येते, म्हणून मोठ्या डिस्कसाठी नवी जीपीटी पद्धतच हवी.

'हा संगणक विंडोज ११ चालवू शकत नाही' असा संदेश नव्या पीसीवरही दिसतो. विंडोज ११ ला ४ जीबी रॅम, ६४ जीबी साठवण, सिक्युअर बूटची सोय आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते. असेंबल केलेल्या बोर्डावर टीपीएम असते, पण बोर्डाच्या यूईएफआय सेटिंगमध्ये बंद असू शकते. इंटेलच्या बोर्डावर ते पीटीटी या नावाने आणि एएमडीच्या बोर्डावर एफटीपीएम या नावाने सापडते. ते चालू केले की संदेश जातो.

पडदाच काळा राहिला, तर मॉनिटरची केबल कुठे लावली आहे ते पाहावे. ग्राफिक्स कार्ड असेल तर केबल कार्डात हवी, बोर्डात नाही. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाच्या शेवटी 'एफ' असते, त्यांत अंगचे ग्राफिक्स नसते. तिथे बोर्डात लावलेल्या केबलला चित्र मिळतच नाही.

डिस्क दिसत नाही

हा दोष नव्या लॅपटॉपवर सर्वांत गोंधळात टाकणारा. 'विंडोज कुठे बसवायची?' या पडद्यावर डिस्कची यादी रिकामी येते आणि नवी एसएसडी मेली असे वाटते. इंटेलच्या अकराव्या पिढीपासून पुढच्या अनेक लॅपटॉपांत व्हीएमडी नावाची सोय चालू असते. तिच्यामागे लपलेली डिस्क विंडोजच्या इन्स्टॉलरला ड्रायव्हरशिवाय दिसत नाही. उपाय दोन. लॅपटॉप कंपनीच्या संकेतस्थळावरून इंटेल रॅपिड स्टोरेजचा ड्रायव्हर घ्यावा, तो उलगडून फोल्डर पेनड्राइव्हवर ठेवावा आणि 'लोड ड्रायव्हर' दाबून ते फोल्डर दाखवावे. रिकामी यादी भरते. किंवा सेटिंगमध्ये जाऊन व्हीएमडी बंद करावे. मात्र ज्या संगणकावर आधीच विंडोज चालू आहे, तिथे ते बंद करू नये. जुनी विंडोज सुरू होईनाशी होऊ शकते.

असेंबल केलेल्या पीसीत आधी एसएसडी नीट बसली आहे का, तिचा छोटा स्क्रू कसला आहे का, हे पाहावे. एम-डॉट-टू खाचेत काही बोर्डांवर फक्त एनव्हीएमई डिस्क चालते, साटा चालत नाही. काही बोर्डांवर तीच खाच वापरली की एखादे साटा पोर्ट बंद पडते. बोर्डाच्या पुस्तिकेत हे लिहिलेले असते.

फायली चढवताना थांबते

टक्केवारी वाढत-वाढत एका आकड्यावर अडली आणि शून्य-एक्सने सुरू होणारा ८००७०५७० हा क्रमांक दिसला, तर फाइल बिघडलेली किंवा वाचता न येणारी आहे असा त्याचा अर्थ. पहिला उपाय दुसरा पेनड्राइव्ह आणि दुसरे यूएसबी पोर्ट, शक्यतो पीसीच्या मागचे. तरीही अडले, तर रॅमवर संशय घ्यावा. एक्सएमपी किंवा एक्सपो ही वेग वाढवणारी सोय बंद करावी, रॅमची एकच काडी ठेवून पाहावे, मग दुसरी. मेमटेस्ट८६+ हे मोफत साधन रात्रभर चालवले की सदोष काडी लाल ओळींनी उघडी पडते.

चढवण्याच्या वेळी लाइट जाणे हा वालचंदनगर-बारामती पट्ट्यातल्या घरांसाठी खरा धोका आहे. पीसीला यूपीएस असावा, लॅपटॉपची बॅटरी भरलेली असावी. काम अर्धवट तुटले तर घाबरायचे कारण नाही. पुन्हा पेनड्राइव्हवरून सुरू करून, अर्धे बनलेले भाग पुसून नव्याने बसवता येते. मात्र बोर्डाचे फर्मवेअर अपडेट करताना वीज गेली, तर बोर्ड कायमचा निकामी होऊ शकतो. ते काम यूपीएसशिवाय करूच नये.

रीस्टार्टनंतरचे अडथळे

पहिल्या रीस्टार्टनंतर सगळे पुन्हा भाषेच्या निवडीपासून सुरू झाले, तर बिघाड काहीच नसतो. संगणक पुन्हा पेनड्राइव्हवरून उठलेला असतो. रीस्टार्ट होताच पेनड्राइव्ह काढला की काम पुढे सरकते.

विंडोज ११ शेवटच्या टप्प्यात इंटरनेट मागते, आणि नव्या वाय-फायचा ड्रायव्हर नसल्यामुळे जोडणीची यादी रिकामी राहते. अँड्रॉइड मोबाइल यूएसबी केबलने जोडून त्यात 'यूएसबी टिथरिंग' चालू केले, तर वाय-फायच्या ड्रायव्हरशिवायही नेट मिळते. संगणकाची तारीख चुकीची असेल, तर सुरक्षित जोडणी होत नाही. आधी तारीख दुरुस्त करावी.

लिनक्सची वाट थोडी सोपी आहे, कारण डिस्कला हात न लावता ती पेनड्राइव्हवरून चालवून पाहता येते. पडदा, वाय-फाय, आवाज चालतात का, हे त्यातच कळते. सी-डॅकची 'बॉस' ही डेबियनवर आधारलेली प्रणाली मराठीसह भारतीय भाषांची सोय देते. ग्राफिक्स कार्डामुळे पडदा काळा पडला, तर सुरुवातीच्या मेनूत 'सेफ ग्राफिक्स' निवडावे. विंडोजसोबत लिनक्स बसवताना आधी बिटलॉकर या विंडोजच्या डिस्क-कुलपाची ४८ अंकी रिकव्हरी की लिहून ठेवावी. सेटिंग बदलताच ती मागितली जाऊ शकते.

थांबायचे कधी

विंडोज बसवताना शिफ्ट आणि एफ१० एकत्र दाबले की काळी खिडकी उघडते. तिथे 'डिस्कपार्ट' आणि मग 'लिस्ट डिस्क' लिहिल्यावर डिस्कची यादी दिसते. तीत एसएसडी नसेल आणि सेटिंगच्या पडद्यावरही तिचे नाव नसेल, तर दोष यंत्राचा असण्याची शक्यता वाढते. दुसऱ्या खाचेत, दुसऱ्या पेनड्राइव्हने, एकेका रॅमने पाहूनही तोच दोष राहिला, तर पावती आणि पडद्यावरच्या संदेशाचा मोबाइलवर काढलेला फोटो घेऊन दुकानदाराकडे जावे. कुठल्या टप्प्यावर थांबले हे एका ओळीत सांगता आले, तर वॉरंटीचा वाद लवकर मिटतो. काम यशस्वी झाले, तर अपडेट पूर्ण होऊ द्यावेत आणि चाललेला पेनड्राइव्ह पुसू नये. पुढच्या वेळी पहिले दोन टप्पे तयारच मिळतात.