गोड्या मसाल्याच्या वासाचा फो

गेल्या वर्षी जुलैत सासूबाई साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आल्या. बे एरियातल्या बहुतेक मराठी घरांत होतं तेच आमच्याकडेही झालं. पहिला आठवडा जेट लॅगमध्ये गेला, दुसरा देवळात आणि इंडियन स्टोअरमध्ये. तिसऱ्या आठवड्यात प्रश्न आला, शुक्रवारी संध्याकाळी बाहेर जेवायला कुठे जायचं? पिझ्झा त्यांना एकदा आवडला, दुसऱ्यांदा नाही. मेक्सिकन म्हणजे 'राजमा आणि पोळी, ते घरी काय वाईट आहे?' भारतीय हॉटेलात त्यांनी बिल बघितलं आणि तो विषय तिथेच संपला. शेवटी लेकीच्या हट्टाने आम्ही घराजवळच्या एका व्हिएतनामी हॉटेलात गेलो.

दार उघडताच आई थबकल्या. ''अगं, इथे कुणी गोडा मसाला भाजतंय का?''

त्यांचं नाक अगदी बरोबर होतं. फो म्हणजे तांदळाच्या चपट्या शेवया, त्यावर गरम सूप आणि वरून मांसाचे पातळ काप. पण त्याचा जीव त्या सुपात असतो आणि सुपाचा जीव मसाल्यात. चक्रीफूल, म्हणजे आपलं बाद्यान, दालचिनी, लवंग, मसाला वेलदोडा, धने. हे सगळं कोरडंच भाजून पुरचुंडीत बांधतात आणि उकळत्या पाण्यात सोडतात. कांदा आणि आलं थेट जाळावर काळं होईपर्यंत भाजतात. आपल्या मसाल्यातलं दगडफूल, तीळ आणि खोबरं तेवढं त्यात नाही.

मग हिरव्या पाल्याचं ताट आलं. मोड आलेले मूग, लिंबाच्या फोडी, मिरच्या आणि जांभळ्या दांड्याची, मंजिऱ्या असलेली पानं. ''तुळस? अशी ताटभर?'' आईंचा हात मागे गेला. ती तुळस नव्हे, तिची चुलत बहीण. आपण फालुद्यात घालतो तो सब्जा ज्या झाडाचा, त्याच जातीची ही पानं. हे सांगितल्यावर त्यांनी दोन पानं चुरगळून हुंगली आणि वाडग्यात टाकली.

मेनूवर 'व्हेजिटेबल फो' असं स्वच्छ लिहिलेलं होतं. ब्रोकोली, गाजर, मशरूम, टोफू. चॉपस्टिक्स बाजूला ठेवून आईंनी चमच्याने सगळा वाडगा संपवला, सूप तर शेवटच्या थेंबापर्यंत. पुढचे चार शुक्रवारही आम्ही तिथेच गेलो. साताऱ्याला फोनवर मावशींना वर्णनं जाऊ लागली.

पाचव्या शुक्रवारनंतर लेक शाळेतून आली ती चेहरा पाडून. तिची एक मैत्रीण व्हिएतनामी आहे. बोलता बोलता आजीच्या फोचं कौतुक निघालं तेव्हा ती म्हणाली, ''पण तुझी आजी व्हेजिटेरियन आहे ना? त्या फोचं सूप बीफच्या हाडांचं असतं. भाज्या नुसत्या वर घालतात.''

मी हॉटेलला फोन केला. पलीकडच्या मुलीने सरळ सांगितलं, हो, सूप सगळ्यांना एकच. मांसाचे काप तेवढे घालत नाही. तिचा काही दोष नव्हता. आम्ही कधी विचारलंच नव्हतं. 'व्हेजिटेबल' म्हणजे भाज्या असलेलं, 'व्हेजिटेरियन' नव्हे, हा फरक वीस वर्षं या देशात राहून माझ्या लक्षात यायला हवा होता.

आता आईंना सांगायचं की नाही? नवरा म्हणाला, ''अजिबात नको. नकळत घडलं त्याचं पाप नसतं. सांगून तू तिला फक्त त्रास देशील.'' लेक म्हणाली, सांगायलाच हवं, तिच्या शरीरात काय गेलं ते तिला कळायला नको? मी दोन दिवस काढले. या बाईने चातुर्मासात आयुष्यात कधी कांद्याला हात लावलेला नाही. दोन रात्री मला धड झोप लागली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या वेळी सांगून टाकलं.

त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग विचारलं, ''किती वेळा?''

''पाच.''

त्या उठून पुन्हा अंघोळीला गेल्या. त्या दिवशी जेवल्या नाहीत. रात्री देवापुढे बसून राहिल्या. दुसऱ्या दिवशी भाजी निवडताना मान वर न करता म्हणाल्या, ''सांगितलंस ते बरं केलंस. पण दोन दिवस का घालवलेस?'' याचं उत्तर माझ्याकडे आजही नाही.

त्यानंतर बाहेरचं जेवण बंद. कुणी आग्रहही केला नाही.

ऑक्टोबरात त्या मैत्रिणीच्या आजीचा निरोप आला. झाल्या प्रकाराने त्या बाईंना आमच्यापेक्षा जास्त वाईट वाटलं होतं. निरोप असा होता: 'चाय' लिहिलेल्या हॉटेलात जा, आणि पौर्णिमेला जा. व्हिएतनामी भाषेत 'चाय' म्हणजे शाकाहार. (आपला चहा डोक्यातून काढून टाका.) तिकडचे बौद्ध लोक चांद्रमासाच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी शाकाहार पाळतात. त्यांचा महिना अमावास्येच्या सुमारास सुरू होतो, त्यामुळे पंधरावा दिवस म्हणजे जवळजवळ आपली पौर्णिमाच. कडक पाळणारे कांदा-लसूणही खात नाहीत. चातुर्मासाला याहून सोयीचं काय असणार? पण आईंना तयार करायला आठवडा लागला.

गेलो तो दिवस कोजागरीचा. सॅन होजेच्या स्टोरी रोडवरून जाताना दोन्ही बाजूंना व्हिएतनामी पाट्या. या शहरात एक लाखाहून जास्त व्हिएतनामी लोक राहतात. व्हिएतनामबाहेर कुठल्याही एका शहरात इतके नाहीत. ३० एप्रिल १९७५ रोजी सायगाव पडलं, त्यानंतर कुणी विमानाने, कुणी होडीतून जीव मुठीत धरून बाहेर पडले. इथे आल्यावर अनेकांनी इलेक्ट्रॉनिक्सच्या कारखान्यांत सर्किट बोर्डं जोडली. आपण इंजिनियर होऊन या खोऱ्यात आलो त्याच्या कितीतरी आधी. फोसुद्धा असाच विस्थापित. मूळचा उत्तरेतला, हनोईकडचा. १९५४ साली देशाची फाळणी झाली तेव्हा लाखो लोकांबरोबर दक्षिणेत आला, आणि ते मोडाचे मूग, ती पानं त्याला तिथे मिळाली. स्टोरी रोडच्या या भागाला नाव काय द्यायचं यावरून २००७-०८ मध्ये मोर्चे निघाले, एका कार्यकर्त्याने उपोषण केलं, तेव्हा कुठे 'लिटल सायगाव' हे नाव लागलं. नवरा म्हणाला, ''आपल्याला हे वेगळं समजावून सांगायला नको.''

हॉटेलबाहेर रांग होती. करड्या अंगरख्यातल्या, हातात जपमाळ असलेल्या आज्या, त्यांच्या लेकी, नातवंडं. आईंनी विचारलं, ''आज काय आहे यांच्यात?''

''पौर्णिमा.''

त्या काही बोलल्या नाहीत, पण पर्स घट्ट धरून रांगेत पुढे सरकल्या.

मी पाठ केलेली दोन वाक्यं काउंटरवर म्हटली. 'तोय आन चाय', मी शाकाहारी आहे. 'खोंग नुओक माम', माशाचा सॉस नको. हा दुसरा प्रश्न कोणत्याही साध्या व्हिएतनामी हॉटेलात विचारायलाच हवा, कारण मीठ लावून मुरवलेल्या माशांचा तो सॉस चटणीत आणि सॅलडमध्येही असतो. मालकीणबाई हसल्या आणि म्हणाल्या, इथे काहीच नाही. तरी आईंच्या चेहऱ्याकडे पाहून त्या आत गेल्या आणि झाऱ्यावर सुपातला ऐवज घेऊन आल्या: मुळा, गाजर, मक्याचं कणीस, कोबी, मशरूम. आईंनी तो झारा लेकीच्या वह्या तपासाव्यात तसा तपासला.

मग वाडगा पुढे ओढला. वास तोच होता.

लेकीने 'बान सेओ' मागवला होता. तांदळाचं पीठ, हळद, नारळाचं दूध. पीठ तव्यावर टाकताना जो आवाज होतो त्यावरून 'सेओ' हे नाव. एरवी त्यात कोळंबी आणि डुकराचं मांस असतं, इथे मूग आणि मशरूम. ''हे तर आपलं घावन,'' आईंनी निकाल दिला, ''फक्त कडा जास्त कुरकुरीत. तवा चांगला तापलेला आहे.'' सोयाबीनची खोटी कोळंबी मात्र त्यांनी एकेक करून ताटाच्या कडेला लावली. ''खायचं नाही म्हणायचं आणि त्याच आकाराचं करून खायचं, हे कशाला?'' मला त्यांचं म्हणणं पटतं. लेकीला पटत नाही. तिने ती सगळी संपवली.

रात्री गच्चीत मसाला दूध आटवताना त्यांनी हिशेब केला. ''म्हणजे अमावास्येच्या सुमारालाही त्यांच्याकडे हाच प्रकार असणार.''

''अहो आई, अमावास्येला लक्ष्मीपूजन आहे. त्या दिवशी बाहेर जेवायचं?''

''पूजा संध्याकाळी असते. दुपारी काय हरकत आहे? फक्त अकराच्या आत पोचू, नाहीतर आजच्यासारखी रांग.''