मोठ्या घरची सून परत का फिरत नसे?

महाड आणि पोलादपूर परिसरातील जुन्या खोत घराण्यांविषयी बोलणे निघाले की एक प्रश्न हमखास येतो. पती-पत्नीत जन्मभर धड संवाद नव्हता, लग्न दोन घरांच्या सोयीसाठी लागलेले होते, तरीही ती बाई अखेरपर्यंत त्याच वाड्यात कशी राहिली? उत्तरादाखल सोशिकपणा, संस्कार, पातिव्रत्य हे शब्द पुढे केले जातात. ते अगदीच खोटे नाहीत. पण त्याच समाजातील दुसरी रीत पाहिली की ते अपुरे ठरतात.

अनेक कष्टकरी जातींत न पटलेला संसार मोडता येत असे. पंचांसमोर काडीमोड होई आणि बाई पाट लावून दुसऱ्या घरी नांदायला जाई. पाटाच्या बायकोला लग्नाच्या बायकोइतका मान नसे, पण वाट होती. ब्राह्मण, कायस्थ प्रभू आणि स्वतःला कुलीन म्हणवणाऱ्या मराठा घराण्यांत मात्र पाट निषिद्ध मानला जाई. किंबहुना ही वाट बंद असणे हीच त्यांच्या प्रतिष्ठेची खूण होती. निमूटपणे नांदणारी सून हा घराण्याच्या उंचीचा पुरावा असे, आणि तो पुरावा देण्याचे ओझे तिच्या एकटीवर पडे.

सोयीचा विवाह म्हणजे प्रेमहीन विवाह असे सरसकट म्हणता येणार नाही. महाड तालुक्यातीलच रायगडावर त्याचे ठळक उदाहरण आहे. शृंगारपूरच्या शिर्के घराण्यातील येसूबाई संभाजीराजांना दिल्या गेल्या आणि शिवाजी महाराजांची कन्या राजकुंवर गणोजी शिर्क्यांना. उघडउघड राजकीय साटेलोटे. तरीही येसूबाईंनी राज्यकारभारात मानाचे स्थान मिळवले. पुढे गणोजी मोगलांना मिळाले आणि ज्या सोयरिकीने दोन घरे जोडली होती तीच दुभंगली. साटेलोट्याचा पेच हाच होता. एका घरची लेक माघारी आली, तर दुसऱ्या घरच्या लेकीचा संसारही धोक्यात येई. अशा विवाहातील स्त्रीने घर सोडायचे ठरवले, तर तिच्या भावाचा संसार मोडण्याची भीती असे. मग माहेरच तिला परत पाठवी.

जमिनीचे गणित याहून कठोर होते. खोती वंशपरंपरागत असे, तिच्या तक्षिमा भाऊबंदांत वाटल्या जात. लेकीच्या वाट्याला दागिने आणि लुगडी येत. हेच तिचे स्त्रीधन, आणि अडचणीच्या काळात पतीला तेही वापरण्याची मुभा धर्मशास्त्राने दिलेली. न्यायालयाला पटेल असे कारण नसताना घर सोडले तर पोटगीवरचा हक्क जाई. मुलांचे पालकत्व पित्याकडे. उलट पतीला पहिली पत्नी नांदत असतानाच दुसरी करण्यास आडकाठी नव्हती. म्हणजे सवत आली तरी बाईने राहायचे, कारण राहिली तर निदान किल्ल्या, हळदीकुंकवातला मान आणि मुलगे हाती राहत. आई-वडील असेपर्यंत माहेर. पुढे ते भावाचे घर होई आणि तिथे ‘टाकलेली’ म्हणून दिवस काढावे लागत. हा हिशेब त्या स्त्रियांना नीट कळत होता. त्यांना केवळ भाबड्या समजणे अन्यायाचे होईल.

नकार देणारीला काय सोसावे लागे, हे मुंबईच्या रखमाबाईंच्या खटल्याने दाखवून दिले. अकराव्या वर्षी लग्न झालेल्या रखमाबाईंनी पतीकडे नांदायला जाण्यास नकार दिला, तेव्हा दादाजी भिकाजी यांनी १८८४ मध्ये दावा लावला. १८८७ मध्ये उच्च न्यायालयाने एक महिन्यात पतीकडे जा, नाहीतर सहा महिने कैद भोगा, असा निकाल दिला. १८८८ मध्ये दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली आणि पुढे त्या लंडनला जाऊन डॉक्टर झाल्या. त्यांचे धैर्य असामान्य होते, यात शंका नाही. पण त्यांच्या पाठीशी सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन यांचे घर होते आणि वडिलांची मालमत्ता त्यांच्या नावे झालेली होती. खोताच्या सुनेकडे यांपैकी काय होते?

विक्रीने किंवा त्यागानेही पत्नी पतीपासून मुक्त होत नाही, असे मनुस्मृती सांगते. २५ डिसेंबर १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या उपस्थितीत तिचे दहन झाले, ते महाडमध्येच. ठराव गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे यांनी मांडला होता. रोख जातिभेदावर होता, पण वाड्यातल्या बाईला बांधणारे वचनही त्याच ग्रंथातले. दोन दशकांनंतर हिंदू कोड बिलाच्या चर्चेत आंबेडकरांनी नेमका पाट-काडीमोडीचा मुद्दा पुढे आणला. बहुसंख्य हिंदूंमध्ये घटस्फोट रूढीने आहेच. मूठभर वरिष्ठ जातींचा नियम साऱ्यांवर का लादायचा, असा त्यांचा युक्तिवाद होता. बिल रखडल्यावर, १९५१ मध्ये त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला.

तत्कालीन कुलाबा जिल्हा मुंबई प्रांतात असल्याने येथे बदल थोडा आधी आला. १९४६ मध्ये द्विभार्याबंदी, १९४७ मध्ये हिंदू घटस्फोटाचा कायदा. मग १९५५ चा हिंदू विवाह कायदा आणि १९५६ चा वारसा कायदा. १९४९ च्या कायद्याने खोतीही गेली, तेव्हा ज्या मिळकतीसाठी सोयरिकी जुळत तिचाच पाया ढासळला. परस्परसंमतीने घटस्फोट मात्र १९७६ पर्यंत थांबला. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाबरोबरीचा वाटा महाराष्ट्रात १९९४ मध्ये आणि देशभरात २००५ मध्ये मिळाला. तो कागदावर आल्यावर बहिणींकडून हक्कसोडपत्र लिहून घेण्याची पद्धत रूढ झाली, आणि ‘माहेर तुटायला नको’ म्हणून कित्येक बहिणी आजही त्यावर सही करतात.