गाडी चढावर का अडखळते? इंधनाच्या नकाशाचा हिसाब

भिवंडीहून तागे भरून माझी गॅस-पेट्रोलची व्हॅन घोडबंदर मार्गे बोरिवलीला येत असे. रिकामी असली की उत्तम चाले. भरल्यावर मात्र गायमुखच्या चढावर पेडल दाबले की आधी दम टाकायची, मग एकदम झटका द्यायची. एका गॅरेजवाल्याने दोनदा प्लग बदलले. पैसे गेले, दोष तसाच राहिला. शेवटी एका जाणत्या मिस्त्रीने लॅपटॉप जोडला आणि दोष इंधनाच्या नकाशात निघाला.

हा नकाशा म्हणजे आपल्या दरपत्रकासारखा एक तक्ता. एका बाजूला इंजिनाचे फेरे, दुसऱ्या बाजूला भार आणि प्रत्येक घरात इंधनाचा आकडा. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम लागू झाल्यावर नव्या दुचाक्यांतूनही कार्बोरेटर गेला. त्यामुळे ही माहिती आता आपल्या सर्वांच्या कामाची आहे.

सपाट रस्त्यावर १ किलो पेट्रोलला सुमारे १४.७ किलो हवा लागते, तर सीएनजीला सुमारे १७ किलो. पूर्ण जोर हवा असेल तेव्हा पेट्रोलचे मिश्रण दाट करून हवा १३ किलोच्या आसपास आणतात. पेडल अचानक दाबले की हवा लगेच शिरते, पण पेट्रोलचा काही भाग नळीच्या भिंतीला चिकटतो. म्हणून क्षणभर थोडे जास्त पेट्रोल सोडावे लागते. गॅस भिंतीला चिकटत नाही, तेव्हा त्याला पेट्रोलचा हा हिसाब जसाच्या तसा लावू नये.

माझ्या गाडीचे गॅस-किट दारात उभ्या गाडीवर, बिनभाराचे, जुळवले होते. भाराच्या घरात गॅस कमी आणि शेजारच्या घरात एकदम जास्त, म्हणून झटका. मिस्त्रीने माल भरलेली गाडी रस्त्यावर नेली. एकाच गतीने, मध्यम भारावर, आधी पेट्रोलवर इंजेक्टर किती वेळ उघडतो ते पाहिले, मग गॅसवर घेतले. गॅसवर तो वेळ वाढला तर गॅस कमी पडतो, घटला तर जास्त होतो. त्याप्रमाणे आकडे बदलले, पण शेजारच्या घरांत चढ हळूहळू ठेवला. पूर्ण जोराच्या वेळी बऱ्याच गाड्यांत ऑक्सिजन सेन्सरची दुरुस्ती थांबते, म्हणून तेथे धुराचे वेगळे मीटर लावून पाहिले.

हे क्षुल्लक समजू नका. भाराखाली गॅस कमी पडत राहिला तर इंजिन तापते, व्हॉल्व्ह जळू शकतात आणि हेड उघडण्याचा खर्च अंगावर येतो. गॅस जास्त गेला तर रोज पैसा धुरातून जातो.

तेव्हा किट जुळवून घेताना आग्रह धरा: नेहमीचा माल भरा, चढावर चालवा, आधीचे आकडे जपून ठेवा. कंपनीने बसवलेल्या सीएनजी गाडीच्या नकाशाला मात्र बाहेर हात लावू देऊ नका. ती कंपनीच्या केंद्रातच दाखवा. कापड जसे आपण उजेडात धरून पाहतो, तशी गाडी भाराखाली पाहावी.