सुटलेला झेल आणि पाहणाऱ्याची वही



ज्या गुरुजींच्या स्मृत्यर्थ हे व्याख्यान योजिले आहे, त्यांनी माझ्या हाती पेन्सिल देऊन मला मैदानाच्या कडेला बसविले, तेव्हा मी आठवीत होतो. खेळण्यात मला गती नाही हे त्यांनी अचूक ओळखले होते. पुढे धार आणि देवास येथील शालेय सामन्यांचे गुणलेखन मी इतकी वर्षे केले, की त्यांचा हिशेब आता माझ्यापाशीही नाही. त्याच कामातील एका उणिवेविषयी आज बोलावयाचे आहे.

एकदा दोन्हीकडच्या मुलांतून एक संघ निवडावयाचा होता. कव्हरच्या जागेसाठी दोन मुले होती आणि फलंदाजीत दोघेही सारखेच. निवड करणाऱ्यांनी माझी वही मागविली. मी समासात 'झेल सोडला' अशी नोंद करीत असे. एका मुलाच्या नावापुढे ती तीनदा होती, दुसऱ्याच्या नावापुढे एकदाही नव्हती. निवड क्षणात झाली. परतीच्या बसमध्ये मला ते तीन झेल आठवू लागले. त्यांतील दोन चेंडूंपर्यंत दुसरा मुलगा पोहोचलाच नसता. तो जागीच उभा राहिला असता, चेंडू त्याच्या बाजूने निघून गेला असता, आणि माझ्या वहीत फलंदाजाच्या नावे दोन धावांखेरीज काहीही उमटले नसते. वहीत एक अक्षरही खोटे नव्हते. तरी धावणाऱ्याला शिक्षा आणि उभे राहणाऱ्याला बक्षीस मिळाले. लेखणी माझीच होती.

फलंदाजाच्या धावा मोजता येतात, गोलंदाजाचे बळी मोजता येतात. खो-खोमध्ये तर पळतीचा वेळ घड्याळच सांगते. क्षेत्ररक्षकाचे मात्र फक्त घेतलेले झेल छापले जातात. इंदूरला जन्मलेल्या राहुल द्रविडने १६४ कसोटी सामन्यांत २१० झेल घेतले. एकनाथ सोलकरने २७ सामन्यांत ५३ झेल घेतले, म्हणजे सामन्यास जवळजवळ २. द्रविडची सरासरी सव्वाच्या थोडी वर येते. मग सोलकर श्रेष्ठ काय? द्रविड बहुतांशी स्लिपमध्ये उभा राहिला. सोलकर शिरस्त्राणाशिवाय फॉरवर्ड शॉर्ट लेगला, आणि समोरून बेदी, प्रसन्ना, चंद्रशेखर, वेंकटराघवन यांची फिरकी. एकाकडे आलेल्या संधी निराळ्या, दुसऱ्याच्या निराळ्या. किती आल्या आणि त्या किती अवघड होत्या, हे कळल्याशिवाय ५३ हा अपूर्णांकाचा वरचा अंक आहे. खालचा अंक कोणी लिहिलेलाच नाही.

तो खालचा अंक लिहिण्याचा ध्यास अमेरिकेतील बेसबॉलने घेतला. त्याचा पाया घालणारा हेन्री चॅडविक इंग्लंडात जन्मलेला आणि प्रारंभी क्रिकेटची वार्तापत्रे लिहिणारा होता. बेसबॉलच्या सामन्याचा धावफलक त्याने घडविला आणि त्यात क्षेत्ररक्षकाच्या 'चुकीला' जागा दिली. सामान्य प्रयत्नाने जो चेंडू हाती लागावयास हवा होता तो निसटला तर ती चूक. आणि 'सामान्य प्रयत्न' कोणता, हे तेथे बसलेला अधिकृत गुणलेखक ठरवितो. म्हणजे माझ्याच समासातील नोंद, फक्त नियमांत बसविलेली. दोषही तोच: जो चेंडूजवळ गेलाच नाही त्याच्या हातून सहसा चूक होत नाही.

यावर पुढे एक निराळा मार्ग निघाला. जॉन ड्यूअन यांच्यासारख्या अभ्यासकांनी सामन्यांच्या चित्रफिती पाहणारी प्रशिक्षित माणसे बसविली. चेंडू मैदानाच्या कोणत्या भागात गेला, जमिनीलगत गेला की उंच, मंद की वेगवान, हे त्यांनी प्रत्येक फटक्यापुढे नोंदवावयाचे. आणखी एका संस्थेचे निरीक्षक प्रत्येक संधीला थेट अवघडपणाची प्रत देत: जवळजवळ अशक्य, शेकडा १० ते ४० वेळा जमणारी, ४० ते ६० वेळा जमणारी, याप्रमाणे नेहमीच्या सोप्या संधीपर्यंत. टॉम टँगो यांनी तर २००३ पासून साध्या प्रेक्षकांनाच विचारले, की तुमच्या संघाचा हा खेळाडू किती चपळ आहे, त्याची फेक कशी आहे.

याचा उपयोग कसा होतो ते एका उदाहरणाने सांगतो. एका मुलाकडे पाच संधी आल्या. त्यांतील दोन दहांपैकी नऊ वेळा जमणाऱ्या, एक पाच वेळा, एक तीन वेळा आणि एक केवळ एकदा जमणारी. या अपेक्षांची बेरीज होते २.७. त्याने तीन झेल घेतले असतील तर तो अपेक्षेहून ०.३ ने पुढे आहे, दोन सोडले असले तरी! दुसऱ्याकडे तीनच संधी आल्या, तिन्ही दहांपैकी नऊ वेळा जमणाऱ्या, आणि त्याने तिन्ही घेतल्या. त्याचीही अपेक्षा २.७ आणि आधिक्य तेच ०.३. माझ्या जुन्या वहीत मात्र पहिल्याच्या नावापुढे दोन डाग आणि दुसऱ्याची पाटी कोरी. (पाच-दहा संधींवरून कोणाचेही भवितव्य ठरवू नये हे खरेच, पण निवड करणारे ठरवितातच.)

आता पाहणाऱ्याचे डोळे. येथे मला अनुभवाने बोलता येते. झेल घेतला गेला की तो सोपा वाटू लागतो, सुटला की मन त्याला एक पायरी अवघड करते. किंवा मुलगा नावडता असेल तर नेमके उलट. उशिरा निघालेला क्षेत्ररक्षक शेवटी सूर मारतो आणि टाळ्या घेतो; वेळेवर निघालेला तोच चेंडू उभ्याने घेतो आणि कोणी पाहतही नाही. बसण्याची जागाही फसविते. उंच गॅलरीतून पाहणाऱ्याला जो फटका सपाट वाटतो, तो जमिनीवर खुर्ची टाकून बसलेल्याला चढता वाटू शकतो. बेसबॉलच्या अभ्यासकांनी पत्रकारकक्षाची उंची आणि तेथून झालेल्या नोंदी यांचा संबंध तपासला, तो याच शंकेने. देवासला एके काळी थोरली आणि धाकटी अशा दोन पात्या होत्या. एकाच गावाचे दोन हिशेब. दोन टोकांना बसलेल्या दोन गुणलेखकांचेही तसेच होते.

अमेरिकेत २०१५ पासून सर्व प्रमुख मैदानांवर यंत्रे हे काम करू लागली. चेंडू हवेत किती सेकंद होता आणि क्षेत्ररक्षकाला किती अंतर कापावयाचे होते, हे ती मोजतात; त्यावरून झेलाची शक्यता निघते. मनुष्याचा पक्षपात येथे पुष्कळ कमी होतो. परंतु आमच्या माळव्याच्या काळ्या मातीत उन्हाळ्यात भेगा पडतात आणि जमिनीलगतचा चेंडू त्यावरून कसाही उडतो. मावळतीचे ऊन डोळ्यांवर येते. शॉर्ट लेगच्या झेलात तर धाव नसतेच, केवळ क्षण असतो. हे पाहावयास अजून माणूसच लागतो, आणि धारच्या शालेय सामन्यासाठी ती यंत्रे येणारही नाहीत. २०२३ च्या विश्वचषकात आपल्या संघाचे क्षेत्ररक्षण-प्रशिक्षक टी. दिलीप सामन्यानंतर उत्तम क्षेत्ररक्षकाला पदक देत. तोही अखेर पाहणाऱ्याचाच निवाडा होता.

त्या निवडीनंतर मी वहीत बदल केला. 'सोडला' हा शब्द काढून टाकला. त्याऐवजी रकाने केले: मुलगा कोठे उभा होता, चेंडू कोठे पडला किंवा हाती आला, किती पावले धावला, आणि ऊन, माती यांविषयी एखादा शब्द. चेंडू सीमेकडे गेला आणि कोणी हललेच नाही, तरी ओळ लिहावयाचीच. अवघडपणाचा आकडा सामना संपल्यावर, नाव झाकून द्यावयाचा. शिवाय दोन माणसे, दोन जागी, एकमेकांशी न बोलता. दोघांचे आकडे फार निराळे आले तर सरासरी न काढता त्या संधीवर चर्चा करावयाची. हा खटाटोप पहिल्या वर्षी मुलांना हास्यास्पद वाटला. दुसऱ्या वर्षी ते स्वतःच विचारू लागले, "सर, त्या चेंडूला किती दिलेत?"

येत्या हिवाळ्यातील सामन्यांसाठी मला दुसऱ्या खुर्चीवर बसणारा माणूस हवा आहे. माजी विद्यार्थ्यांपैकी ज्याला चार तास उन्हात गप्प बसणे जमेल, त्याने सभा संपल्यावर मला भेटावे. पेन्सिल मी देईन.